अंगणातल्या दोन बाजा

"त्या घरात कोणी आपल्या वळखीच्या पोरी ठेवू नका," असं ग्रुपवर आलं आणि खाली लोक अंगठे उठवायला लागले. फोटोंचा निकाल माझ्याकडं होता. तो मी अजून दिला नव्हता.

ग्रुप आमचा, म्हणजे लातूर-नांदेडात क्लासच्या पोरापोरींना खोल्या आणि डबे देणाऱ्यांचा. कुणाची खोली रिकामी आहे, कुणाला डबा पाहिजे, कोण पोरगं न सांगता गावाकडं पळालं, सगळं तिथं कळतं. महिन्यातून एकदा फोटोंचा खेळ असतो. ज्याचा फोटो पहिला, तो पुढच्या खेपेचा पंच. फोटो ग्रुप चालवणाऱ्या नांदेडच्या आपांकडं पाठवायचे. त्या नाव झाकून नुसता नंबर घालून टाकतात. मागच्या खेपेला विषय होता ताट. एका पोरानं वरणाला हातही न लावता परत पाठवलेला डबा मी दाखवला होता. लोकांना त्यात काय आवडलं मला कळलं नाही, पण पंच झाले. मी चौथी शिकलेली. मला कोणी कशात निवाडा विचारत नाही, म्हणून मन लावून बघत होते. विषय मीच दिला होता, अंथरूण.

चांगले फोटो आले. पुस्तकं उशाला घेतलेली पोरगी, आडतीत तुरीच्या पोत्यांवर आडवा झालेला हमाल, कठड्यावर वाळत घातलेली वाकळ. सहा नंबरचा निराळा होता. तीन मजली घर, तिन्ही मजल्यांवर पोरींचे कपडे वाळत घातलेले, आणि खाली अंगणात चार बांबूंवर ताडपत्री. तिच्याखाली बाजेवर झोपलेली म्हातारी, शेजारी कुत्रं.

"वर पोरी पंख्याखाली आन माय कुत्र्याशेजारी!"

"सुनेचं राज असंल."

"हिरवं गेट वळखलं म्या. आपल्या ग्रुपातलाच खोल्यावाला हाय की तो."

प्रवेशाचे दिवस होते. त्या घराच्या खोल्या ग्रुपातूनच भरायच्या. घरात म्हातारं माणूस आहे म्हणून आईबाप तिथं पोरी ठेवायचे. आता तेच माणूस अंगणात दिसलं. तो खोल्यावाला ग्रुपवर सगळं वाचत होता.

मी दोन बोटांनी फोटो मोठा केला. मच्छरदाणी धुतलेली. कूलर नवा, तोंड बाजेकडं. दिव्याचं बटण हाताशी येईल असं बांबूला बसवलेलं. घालवून दिलेल्या मायवर एवढा खर्च कोण करतं? आणि पलीकडं आणखी एक बाज होती.

आपांना फोन लावला. "सहा नंबर कोणाचा?"

"निकालाच्या आधी नाव न्हाई सांगणार. उसूल म्हंजे उसूल."

"नाव राहू द्या. दुसरी बाज कोणाची तेवढं सांगा."

"कंची दुसरी?"

"म्हातारीच्या पलीकडची. चादर उसकटलेली हाय."

आपांनी फोटो उघडून पाहिला. "तुमच्याच लातुरात हाय ना घर? जाऊन बघा. बघायला उसूल आडवा येत न्हाई."

ऑटो करून त्या हिरव्या गेटापाशी गेले. म्हातारी बाजेवर बसून शेंगा फोडत होती.

"लेकानं बाहेर काढलं का गं तुला?"

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू कोण इचारणारी?"

"फोटोची पंच."

"मंग फोटोला इचार."

तेवढ्यात सून बाहेर आली. डोळे सुजलेले, हातात मोबाइल. "फोटो म्याच धाडला, मावशी. गंमत म्हणून. लग्न होऊन आल्यापासून घरात मी एकली निजते आन हे मायलेक अंगणात. लोक असं बोलतील मला काय ठावं!"

मागून लेक आला. दुसरी बाज त्याची. औशाच्या पलीकडचे, त्र्याण्णवच्या भूकंपातले लोक. छताखाली दोघांनाही झोप लागत नाही.

मी म्हणाले, "मग दुसऱ्यांच्या पोरी कशाला निजवतोस आत?"

"लोखंड घालून बांधलंय, मावशी. म्या सोता उभा राहून बांधून घेतलंय. घर पक्कं हाय, मला कळतंय. झोपंला कळत न्हाई."

"असं लिहिते ग्रुपवर."

"नका!" तो एकदम म्हणाला. "मालकच छताखाली निजत न्हाई म्हणल्यावर कोण बाप पोरगी ठेवंल? त्यापरीस मायला काढली म्हणू द्या. चार दिस बोलतील."

"आन मला काय म्हणतील ते?" सून म्हणाली. "माझ्या माहेरावर जातील."

म्हातारीनं सूप बाजूला ठेवलं.

"लिही गं," ती मला म्हणाली. "सुनेला बोल नको. घर बी पक्कं हाय, ते बी लिही. आन आमाला बाहेर काढलं होतं, ते खरं हाय. पर लेकानं न्हाई. सासऱ्यानं. हे पोरगं डांग्या खोकल्यानं रातभर खोकायचं, घरच्यांची झोप मोडायचं. सासरा म्हणला, घेऊन जा त्याला अंगणात."

मी तिथंच बाजेवर बसून लिहिलं. जोडाक्षरं सुनेनं सांगितली. वाचून एका बापानं पोरगी दुसरीकडं नेली, बाकीच्या राहिल्या.

लिहिलं ते एवढंच. पहिला नंबर सहाला. फोटो सुनेनं काढला. घर पक्कं आहे, मी भिंती हात लावून पाहिल्या. भूकंपाच्या रात्री म्हातारीला आणि लेकराला तिच्या सासऱ्यानं गावाकडच्या घराबाहेर निजवलं होतं. पहाटे ते घर पडलं. आत निजलेलं कोणी राहिलं नाही. बाहेरच्या बाजेवरची ही माय आणि हा लेक, दोघं जगले.