दुसरा फिल्टर

गिरगावातल्या घरात माशांची टाकी आणली राकेशने, पण ती सांभाळली नूपुरने. लग्नाला तेव्हा पाच वर्षं झाली होती. राकेशला वर्षभर नुसतं वेड लागलं होतं. रविवारी क्रॉफर्ड मार्केटला जाऊन मासे निवडायचा, वाळूत झाडं लावायचा आणि नूपुरला शेजारी बसवून सगळं समजावून सांगायचा. नव्या टाकीत मासे पटापट का मरतात, हे तिला त्यानेच सांगितलं. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, तो विषारी. फिल्टरच्या स्पंजात हळूहळू जिवाणू वस्तीला येतात आणि तो अमोनिया संपवतात. पण त्यांचं बस्तान बसायला महिना-दीड महिना लागतो. म्हणून दुसरी टाकी लावायची झाली, तर नवा स्पंज आधी दीड महिना जुन्या टाकीत चालवायचा आणि मग तोच उचलून नव्या टाकीत घालायचा. स्पंज नळाखाली मात्र कधी धुवायचा नाही. क्लोरिनने जिवाणू मरतात. टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात पिळायचा.

राकेश आयुष्यात तिच्याशी सगळ्यात जास्त बोलला असेल तर त्या वर्षी.

मग त्याचं वेड ओसरलं आणि टाकी आपसूक नूपुरकडे आली. ती माझगावला एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात होती. घरी आली की पर्स खुंटीला लावून आधी टाकीपाशी जायची. अशी दहा वर्षं गेली.

राकेश वाईट माणूस नव्हता. दारू नाही, शिवी नाही, पगार घरात. फक्त काहीही विचारलं की तो म्हणायचा, "बघू." मूल होत नव्हतं तेव्हा दोघांनी तपासून घेऊ, असं नूपुर म्हणाली. तो म्हणाला बघू. सहा महिन्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हाही बघू. ती चाळिशीला आली आणि तिने विचारणंच सोडलं. नकार मिळाला असता तर तिने त्याच्याशी भांडण तरी केलं असतं.

मागच्या वर्षी तिच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं. आई चिंचपोकळीला चाळीतल्या खोलीत एकटी राहायची. ऑपरेशन झालं. दोन महिने आईला इकडे आणूया, असं नूपुरने घरात काढलं. सासूबाई, कालिंदीबाई, म्हणाल्या की माझं काही नाही, राकेशला विचार. राकेश पेपरातून मान वर न करता म्हणाला, बघू. तिने तीनदा विचारलं. चौथ्यांदा विचारायचं तिच्या जिवावर आलं. मग ती सकाळी ऑफिसच्या आधी आणि संध्याकाळी ऑफिसनंतर चिंचपोकळीला जाऊ लागली. दिवसा शेजारच्या गंगुबाई आईला पेज भरवायच्या. सातव्या आठवड्यात, एका दुपारी, आई गेली. नूपुर तेव्हा ऑफिसात कुणाचं तरी बिल तपासत होती.

दिवसवारे राकेशने नीट केले. भटजी, जेवणं, कुठे कमी पडू दिलं नाही. तेराव्याला सगळे गेल्यावर तो तिच्याजवळ बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "आणायला हवं होतं गं त्यांना."

नूपुर ताटं गोळा करत राहिली. पण या माणसाबरोबर आपण आता राहायचं नाही, हे तिने तिथेच ठरवलं.

आईची खोली तिच्या नावावर झाली होती. तिथे तिने दोन फुटी टाकी नेऊन ठेवली आणि गिरगावच्या टाकीत, जुन्या फिल्टरच्या शेजारी, नवा स्पंजचा फिल्टर लावला. एका कोपऱ्यातून बुडबुडे यायचे ते आता दोन कोपऱ्यांतून येऊ लागले. सासूबाईंनी एकदा विचारलं, तेव्हा जुना मंद झालाय म्हणून तिने वेळ मारून नेली. राकेशने विचारलं नाही. रोज तो त्या टाकीसमोर बसूनच जेवायचा.

दीड महिना झाला त्या रविवारी सकाळी सासूबाई देवळात गेल्या होत्या. नूपुरने टाकीतल्या आठ एंजल माशांपैकी चार पाण्याच्या पिशव्यांत घेतले. नवा स्पंज सुकू नये म्हणून टाकीच्या पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवला. कपड्यांची बॅग दाराशी होतीच.

राकेश मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "स्पंज पाण्यात ठेवलास ना?"

तिने वर पाहिलं. तो डब्याकडे बघत होता.

"तुला माहीत होतं?"

"लावलास त्याच दिवशी कळलं."

"मग दीड महिना बोलला का नाहीस?"

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तू थांबशील असं वाटलं. म्हटलं, बघू."

तिने डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि जिना उतरली.

चिंचपोकळीला तिने स्पंज टाकीत सोडला, मासे सोडले, पहिले दोन दिवस अगदी चिमूटभर खाणं घातलं. रोज पाण्यात तपासणीचे थेंब टाकून बघायची. अमोनिया असता तर पाणी हिरवं झालं असतं. ते पिवळंच राहिलं. मासे आठवड्यात रुळले. तिला बरं वाटायला हवं होतं. ती नुसती बसून राहायची.

तिसऱ्या आठवड्यात सासूबाईंचा फोन आला. राकेशने फिल्टर काढून नळाखाली ब्रश लावून स्वच्छ केला, टाकीही लखलखीत घासली. पाचव्या दिवसापर्यंत चारही मासे गेले. "त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक असणार," त्या म्हणाल्या. "तू सांगून तरी जायचंस."

नूपुरने फोन ठेवला. स्वतःच शिकवलेलं तो विसरला असेल का? की दहा वर्षांत त्याने एकच गोष्ट मनावर घेऊन केली असेल, तर ती हीच? आता राकेशला विचारून काही उपयोग नव्हता.

संध्याकाळी गंगुबाई वाटीत सोलकढी घेऊन आल्या, तेव्हा नूपुरने गिरगावचे मासे मेल्याचं सांगितलं. कसे मेले ते सांगितलं नाही.

गंगुबाई टाकीसमोर टेकल्या. "बिचारो," त्या म्हणाल्या. "आधी बायको गेली, आता मासेपण गेले. कधी मोठ्यान बोललो नाय तो कोणाक. असो घोव मिळाक बायलमाणसाक नशीब लागता गो."

नूपुर म्हणाली, "हो." आणि सोलकढीची वाटी हातात घेतली.