बाबांचा आवाज गाडीत ठेवला

माझा नवरा इथे बेंगळुरूत दिवसभर काय करतो? तर लोकांच्या डेटाचे बॅकअप सांभाळतो. एक प्रत इथे, दुसरी तिथे, तिसरी पार परगावी. आणि स्वतःच्या बापाचा आवाज? तो गाडीत!

सासऱ्यांचं, म्हणजे बाबांचं, घशाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, यानंतर बोलता येणार नाही. मग आठवडाभर मी त्यांना फोनसमोर बसवलं. त्यांनी नातीसाठी गोष्टी सांगितल्या, भूपाळ्या म्हटल्या, मध्येच "अगं, चहा टाक की" म्हणून माझ्यावर ओरडले. तेही मी राहू दिलं. फोन भरला, तसं नवऱ्याने सगळं दोन पेन ड्राइव्हवर उतरवलं आणि फोन मोकळा केला. मी तेव्हाच विचारलं होतं, "नीट ठेवलंयस ना?" तर म्हणे, "अगं, माझं कामच आहे ते. दोन कॉपी आहेत."

होत्या ना दोन! एक पेन ड्राइव्ह गाडीच्या स्टिरिओला, लेकीला शाळेच्या वाटेवर ऐकायला. दुसरा त्याच गाडीच्या कप्प्यात. दोन्ही ऑफिसात फुकट वाटलेले. गाडी दिवसभर उघड्या पार्किंगमध्ये, काचा बंद. पण आम्ही पडलो पुण्याचे! बेंगळुरूला उन्हाळा असतो हे आम्हाला मान्यच नाही. पुण्याच्या नातेवाइकांना "आमच्याकडे पंखासुद्धा लागत नाही" असं ऐकवण्यात दोन उन्हाळे गेले. मीही ऐकवलं, खोटं कशाला बोलू?

या मे महिन्यात एक दिवस स्टिरिओ गप्प झाला. कप्प्यातला लावला, तर तो उघडला, पण सगळीकडे नुसती खरखर. जयनगरचा दुरुस्तीवाला आधी "स्वल्प कष्ट आहे, मॅडम", म्हणजे जरा अवघड आहे, असं म्हणाला आणि आठवड्याने त्याने हातच जोडले. बंद गाडी भट्टीसारखी तापते, त्यात हा हलका माल, आतलं लिहिलेलं पुसत जातं, असं त्याने हिंदीत समजावलं. "दोन केले, पण ठेवले एकाच तव्यावर," असंही म्हणाला. माझ्या अंगाची लाही लाही झाली, कारण त्याचं खरं होतं.

घरी येऊन मी नवऱ्याला फाडून खाल्लं. "कंपनीच्या फालतू फायली तीन-तीन ठिकाणी, आणि बाबा एका डबड्यात? लाज कशी वाटली नाही रे?" तो "चुकलं माझं" एवढंच पुटपुटला. त्याचाच मला जास्त राग आला. म्हटलं, मला नको सांगूस, त्यांना जाऊन सांग.

तो बाबांच्या पायाशी बसला आणि त्याने सगळं सांगितलं. बाबा एरवी काहीही सांगायचं तर पाटीवर लिहितात. त्या दिवशी पाटी शेजारीच होती, पण त्यांचा हात तिच्याकडे गेला नाही. तो लेकाच्या डोक्यावर गेला. आवाज गेलाय याचा त्यांनाच क्षणभर विसर पडला असावा. समजूत घालायला त्यांनी तोंड उघडलं, ओठ अगदी स्पष्ट हलले, "असू दे." नुसती हवा आली.