एका हाताचे गेम

"एका हाताने खेळता येतो का?"

कोणी कुठल्याही गेमचं नाव काढलं की सरांचा पहिला प्रश्न हा असायचा. विचारताना ते उजवा हात वर करून बोटं हलवून दाखवायचे. डावा हात पलंगावर सरळ पसरलेला असायचा, त्यात दोन जाड सुया, आणि सुयांना जोडलेल्या नळ्यांमधून त्यांचं रक्त मशीनमध्ये जाऊन परत येत असायचं. तो हात हलवायची परवानगी नव्हती. ती परवानगी न देणारी मी.

नाशिकमधल्या एका डायलिसिस सेंटरमध्ये मी टेक्निशियन आहे. पेशंट मला 'सिस्टर' म्हणतात. मी सिस्टर नाही हे सुरुवातीला समजावून सांगायचे, नंतर सोडून दिलं. सर मात्र 'सिस्टर' म्हणून झाल्यावर दर वेळी हळूच पुढे जोडायचे, "म्हणजे टेक्निशियन." आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. नाशिकरोडला त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. किडन्या गेल्यावर तो बंद पडला. क्लासमधलं बाकी सगळं विकलं गेलं, एक लॅपटॉप राहिला. फरशीएवढा जड. चालू केला की त्याचा पंखा असा घरघरायचा की शेजारच्या पलंगावरचे लोक आपल्याच मशीनचा अलार्म वाजला म्हणून दचकून बघायचे.

तुम्ही कधी अशा सेंटरमध्ये गेला असाल तर तिथली शांतता तुम्हाला माहीत असेल. ती हॉस्पिटलसारखी नसते, एसटीच्या प्रतीक्षालयासारखी असते. सगळे कशाची तरी वाट बघत असतात आणि गाडी येणार नाही हे बहुतेकांना ठाऊक असतं. आठवड्यातून तीन दिवस यायचं, चार-चार तास पडून राहायचं, घरी जायचं, परत यायचं. पहिल्या महिन्यात लोक मोबाईल बघतात, पुढे मोबाईलही बघवत नाही. मग छताकडे बघतात.

सर आले आणि त्यांनी हे छत बघणं मनावर घेतलं.

त्यांचं म्हणणं साधं होतं. गेम जुनाच खेळायचा. नव्या गेमला दोन हात लागतात, नेट लागतं, आणि तो तुमच्या मागे लागतो. जुना गेम थांबतो. "तुमचं बीपी पडलं, पाय आखडला, उलटी झाली, तरी तो आहे तिथे थांबतो," ते सांगायचे. "बघा, आपल्यासाठी थांबणारं दुसरं कोण आहे?" पेशंटचा स्वभाव बघून ते गेम सुचवायचे. रागीट माणसाला पत्ते लावायचा गेम. ज्याला उगाच काळजी करायची सवय आहे, त्याला चौकटींखाली दडलेले सुरुंग शोधायचा. "काळजी करायचीच आहे ना, मग हिशेबाने करा."

कळवणकडच्या एका खेड्यातून एक आजोबा यायचे. त्यांनी आधी हात जोडले. "सर, मला नाय जमायचं. आमच्या काळात गोट्या होत्या."

सरांनी त्यांना एक गाव वसवायचा गेम लावून दिला. नदीकाठची मोकळी जमीन असते, तिथे शेतं पाडायची, कोठारं बांधायची, माणसं वसवायची. कर्सर कुठे न्यायचा एवढं कळलं आणि आजोबा उठून बसायला निघाले, मी खांदा धरून परत झोपवलं. त्यांनी सगळ्यात आधी विहिरी खणल्या. एकामागून एक विहिरीच. सर म्हणाले, "आजोबा, थोडे शिपाई पण ठेवा. शत्रू येतो."

"कोण शत्रू?"

"येतो. गेममध्ये असतो."

"यिऊ द्या. पाणी पिऊन जाईल."

शत्रू आला आणि गाव जाळून गेला. आजोबा म्हणाले, "लय नालायक हाय," आणि पुन्हा पहिल्यापासून विहिरी खणायला लागले. शिपाई त्यांनी शेवटपर्यंत ठेवले नाहीत. त्या दिवसांत त्यांचं बीपी कधी नव्हे ते बरं राहायचं. मी हे डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले. मीही हसले, पण आकडे माझ्या डोळ्यांसमोर होते.

दुसरी सानिया. जुन्या नाशकातली मुलगी, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास अर्धवट सोडून पलंगावर आलेली. मोबाईलवर रंगीत गोळ्या फोडत बसायची. सर एकदा म्हणाले, "हा गेम तुला रोज काय सांगतो माहितीये? उद्या ये, बक्षीस देतो. आपल्याला उद्या ये म्हणायची गरज आहे का? आपण येतोच." त्यांनी तिला वेगळाच गेम दिला. बंद पडलेल्या एका हॉटेलात एक मुलगी अडकली आहे, खोल्याखोल्यांतून किल्ल्या आणि खुणा शोधत फिरते. पळायचं नाही, मारायचं नाही, फक्त बघायचं आणि विचार करायचा. लॅपटॉप सरांच्या पलंगावरून तिच्या पलंगावर न्यायचं काम माझ्याकडे होतं.

"मेली तर?" सानियाने विचारलं.

"यात मरता येत नाही. बनवणाऱ्यांनी तशी सोयच ठेवलेली नाही. अडकता येतं फक्त."

"मग आपल्यासारखंच आहे," ती म्हणाली.

सरांनी मला लॅपटॉप तिच्याकडे न्यायला खुणावलं.

सरांना किडनी मिळेल असं आम्हाला सुरुवातीला खरंच वाटलं होतं. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, द्यायला तयार होत्या. रक्तगट जुळला. वहिनी तपासण्यांच्या फायली घेऊन यायच्या आणि त्या दिवसांत त्यांची चालसुद्धा बदलली होती. मग त्यांनाच साखर निघाली. आधी कधी तपासलीच नव्हती. डॉक्टरांनी त्यांची किडनी घ्यायला नकार दिला. वहिनी बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. मी पाणी दिलं तर म्हणाल्या, "मी गोड फारसं खात पण नाही हो."

सरांची मुलगी पुण्यात नोकरी करत होती. ती सुट्टी घेऊन आली. "पप्पा, माझी घ्या." सरांनी लॅपटॉपवरची नजर काढली नाही. "नाही."

"तपासून तर बघू दे."

"तपासलं आणि जुळलं तर तू ऐकणार नाहीस. म्हणून तपासायचंच नाही."

त्या दिवशी वहिनी पलंगाशेजारी उभ्या राहून त्यांना खूप बोलल्या. आजूबाजूचे पलंग ऐकत होते. "तुमचा हट्ट आमच्या जिवावर येतोय," असंही म्हणाल्या. सर म्हणाले, "तिचं सगळं व्हायचंय अजून." एवढंच. मुलगी पुण्याला परत गेली. मला वाटतं, तिने त्यांना कधीच माफ केलं नसेल, आणि त्यांना तेही कळत असावं.

मग मृत्यूनंतर कोणी दान केलेल्या अवयवासाठी त्यांनी नाव नोंदवलं. पुष्कळ दिवसांनी पुण्याच्या एका हॉस्पिटलमधून फोन आला. अशा वेळी दोघांना बोलावतात. पहिल्याचं काही जमलं नाही तर दुसऱ्याला. सर दुसरे होते. उपाशीपोटी गेले, दिवसभर बसले, संध्याकाळी त्यांना घरी पाठवलं.

पुढच्या वेळी आले तेव्हा सगळं सेंटर त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. मी सुया टोचताना विचारलं, "काय झालं सर?"

"पहिल्याला बसली. पोरगा होता हो, विशीतला. बरं झालं." मग म्हणाले, "सिस्टर, खरं सांगू का? मी तिथे बसून त्याला ताप यावा म्हणून मनात म्हणत होतो." या वेळी 'म्हणजे टेक्निशियन' म्हणाले नाहीत. लॅपटॉप उघडला आणि सुरुंगांचा गेम लावला. तासाभराने बघितलं तर चौकटी तशाच होत्या, एकही उघडलेली नव्हती.

पावसाळ्यात आजोबा गेले. त्यांच्या गावची गाडी रस्ता खचल्यामुळे दोन खेपा येऊ शकली नव्हती. ते कळल्यावर सरांनी आजोबांचं गाव उघडलं. नदी, शेतं आणि विहिरीच विहिरी. माणसं ये-जा करत होती. मी म्हणाले, "पुसून टाकणार का?"

"कशाला? गेम बंद असला की गावात कोणी उपाशी मरत नाही. राहू दे." त्यांनी तो बंद केला. त्यानंतर तो कोणाला सुचवलेला मी ऐकला नाही.

मग त्यांचीच पाळी आली. डाव्या हातात सुया टोचायची ती शीर, ऑपरेशन करून धमनीला जोडलेली, एका सकाळी बंद पडली. हात लावला की तिच्यात जी थरथर जाणवते ती नव्हती. पुन्हा प्रयत्न झाला, तोही फसला. शेवटी मानेतून नळी घातली. म्हणजे आता हात पसरून ठेवायची गरज उरली नव्हती.

"बघा सिस्टर," दोन्ही हात समोर धरून ते म्हणाले, "दोन्ही मोकळे. आता काय सुचवता?"

क्लास चालवायचे तेव्हा मुलांशी पैजा लावून खेळायचे, तो गेम त्यांनी काढला. वरून वेगवेगळ्या आकारांच्या विटा पडतात, त्या फिरवून खाली घट्ट बसवायच्या. "यात मला कोणी हरवलं नाही कधी," म्हणाले. विटा पडायला लागल्या. त्यांची बोटं कीबोर्डवर होती, पण बोटांना आता कंप होता आणि डोळ्यांनाही नीट दिसत नव्हतं. बघता बघता विटांचा ढीग वरपर्यंत आला. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा तेच. सानिया समोरच्या पलंगावरून बघत होती, तिने मान फिरवली. सर हसले. "हा थांबत नाही," म्हणाले. "मला वाटलं होतं हा पण थांबतो."

त्यानंतर ते लॅपटॉप आणेनासे झाले. मग स्वतःही येईनासे झाले.

एका गुरुवारी दुपारी वहिनींचा फोन आला. "दोन वेळा झाल्या, येत नाहीत. तुमचं ऐकतील." मी जेल रोडला राहते, त्यांचं घर लांब नव्हतं. ड्युटी संपवून गेले. सर पलंगावर उशांना टेकून बसले होते, आडवं झालं की श्वास लागत होता. पाय सुजलेले. समोरच्या भिंतीवर बुद्धाचा फोटो, खाली मुलीचा पदवीच्या टोपीतला.

"बसा सिस्टर. चहा घ्या. मला मात्र विचारू नका." पाणी मोजून प्यावं लागणाऱ्या माणसाचा हा नेहमीचा विनोद. मी हसले नाही.

"सर, शनिवारी या."

"येऊन?"

"पाणी काढू. दम कमी होईल."

"मग?"

"मग मंगळवारी..." मी थांबले.

ते माझ्याकडे समजुतीने बघत राहिले, जसं क्लासमध्ये चुकलेल्या मुलाकडे बघत असतील. "मला कंटाळा नाही आलेला," ते म्हणाले. "कंटाळ्याला गेम होते. मी थकलोय."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात पाठ करून उभ्या होत्या. मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी मुलीचं नाव काढलं. ते म्हणाले, "तिच्यासाठीच एवढे दिवस आलो." मग वहिनींच्या पाठीकडे बघून म्हणाले, "बरं. शनिवारी येतो."

शनिवारी आले, दोघांनी धरून आणलं. मशीन लावलं आणि तासाभरातच बीपी पडलं. परत वर आणलं, परत पडलं. डॉक्टरांनी बंद करायला सांगितलं. नळ्या काढताना मी म्हणाले, "सर, जरा विश्रांती घ्या." त्यांनी डोळे न उघडता मान हलवली. बोलण्याएवढा श्वास नव्हता.

सोमवारी सकाळी ते गेल्याचा फोन आला.

मंगळवारी सानियाने आल्या आल्या त्यांच्या पलंगाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. ती पडून राहिली. जाताना म्हणाली, "माझा गेम अर्धा राहिला." पुढे काही दिवसांनी मी वहिनींना विचारलं लॅपटॉपबद्दल. त्या म्हणाल्या, मुलीने चालू करून बघितला होता, झाला नाही. दुकानवाला म्हणाला याचे पार्ट आता मिळत नाहीत. भंगारात दिला. त्यात काय होतं हे सांगून उपयोग नव्हता.

आमच्याकडे पलंग रिकामा राहत नाही. सर गेले त्याच आठवड्यात इगतपुरीचे एक रेल्वेतले गृहस्थ त्या जागी आले. नवीन पेशंट, चेहऱ्यावर अजून सगळं तात्पुरतं आहे असा भाव. मी त्यांचा हात सरळ केला, सुया घातल्या, मशीन सुरू केलं. बायको उशाशी उभी होती. पिशवीत वर्तमानपत्र, सुपारीची डबी, स्वेटर.

"ताई," तिने विचारलं, "एवढा वेळ हे करणार काय हो इथे?"

मी नळी चिकटपट्टीने नीट बसवली.

"झोप लागते बहुतेकांना," मी म्हणाले, आणि पुढच्या पलंगाकडे गेले.