पाळकीणबाईंच्या हसण्याची मी केलेली तपासणी

आमच्या पाळकीणबाई, म्हणजे चर्चच्या पाळकसाहेबांच्या पत्नी सुलोचनाबाई, यांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत, म्हणून चर्चच्या मंडळीनं हा ग्रंथ काढला आहे. बाकीचे लेख शिकल्यासवरल्यांचे आहेत, त्यात बाईंच्या सेवेबद्दल चांगलंचुंगलं आलेलंच असेल. मी चौथीपर्यंत शिकलेली, छावणी भागातल्या चर्चात मागच्या बाकावर बसणारी बाई. पण बाईंना मी इतरांपेक्षा जास्त ओळखते, कारण इतरांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला आणि मी पाळत ठेवली.

पाळकसाहेबांची बदली होऊन ते दोघं छावणीत आले, तेव्हाची पहिली ओळख. बाई आमच्या बजाजनगरच्या घरी भेटीला आल्या. मालक वाळूजच्या कंपनीतली रात्रपाळी करून झोपलेले, नळाला पाणी आलेलं, आणि बाई दारात उभ्या राहून हसतायत.

"कशा आहात, रत्नाबाई?"

"पाणी भरतेय. दिसत नाय का?"

त्यांनी चपला काढल्या आणि हंडा उचलला. मी मनात म्हटलं, हसणं तर पाळकिणीच्या कामातच येतं. दुकानदार पण हसतो. हंडा पहिल्या दिवशी कोणीही उचलंल, पुढच्या वेळी बघू. पुढच्या वेळीही उचलला. तरी माझा संशय गेला नाय.

त्याचं कारण सांगते. आमच्यात उपासनेच्या वेळी साक्ष देतात. एकेक जण उठून प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सांगतं. 'माझं जीवन आनंदानं भरून गेलं' म्हणणारे चर्चच्या फाटकाबाहेर गाडी लावण्यावरून एकमेकांच्या अंगावर जाताना मी बघितलेत. भाजीवाला 'ताजी आहे' म्हणाला की आपण जुडी उलटी करून बघतो. टिकाऊ आनंदाचं पण तसंच बघावं, असं माझं मत आहे.

मग माझ्या रूथवर वेळ आली. जावयानं दुसरा संसार मांडला आणि पोरगी माहेरी परत आली. भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. ताट नेलं तसं परत यायचं. पोरगी हातची जाते की काय, अशी गत. मंडळीतल्या बाया येत, "प्रभूमध्ये आनंद कर गं" म्हणत, चहा पीत आणि जात. पाळकीणबाई आल्या, त्यांनी चहा घेतला नाय. म्हणाल्या, "रूथ, उद्या मला चपात्यांना माणूस पाहिजे." सरकारी दवाखान्यात खेड्यापाड्यांतून आलेल्या पेशंटांच्या माणसांना त्या रोज डबे नेत असत.

मी म्हटलं, "फुकटची मोलकरीण शोधायला तुम्हांला माझंच घर दिसलं व्हय?"

"चहाला चार घरं होती," बाई म्हणाल्या. "लाटण्याला हेच दिसलं."

रूथ दुसऱ्या दिवशी उठून गेली. कशी उठली ते मला आजतागायत माहीत नाय. रोज जायला लागली, आणि माझा जीव टांगणीला लागला. राबवून घेतील याची मला फिकीर नव्हती. भीती वेगळीच होती. ही बाई हसून हसून पोरीलाही खोटं हसायला शिकवील, आणि खोट्या आनंदाचं ओझं दुःखापेक्षा जड असतं. तेवढं उचलायची ताकद माझ्या रूथमध्ये नव्हती.

म्हणून एका सकाळी मी न सांगता त्यांच्या मागच्या दारी गेले. आत रूथ बोलत होती.

"पाळकीणबाई, मला आनंद-बिनंद काय वाटत नाय. खोटं कशाला बोलू?"

"नको बोलूस. मला तरी आज कुठं वाटतोय? प्रार्थनेला बसले, तर भिंतीशी बोलल्यासारखं झालं."

"मग कशाला करताय हे?"

"देवाला हो म्हटलंय ना. मन लागंल त्याच दिवशी यायचं, असं ठरलं नव्हतं. लाट पुढची."

मी डोकावले. बाईंचं तोंड चांगलंच उतरलेलं होतं. मला तेव्हा पहिल्यांदा त्यांचा भरवसा वाटला. माल खोटा असता तर झाकला असता.

डबे भरून झाले, तशी त्यांच्याबरोबर मीही दवाखान्याच्या रिक्षात बसले. वॉर्डात एका खाटेपाशी एक चाचा होते, बायकोच्या उशाशी बसलेले. रूथनं चपाती वाढली. चाचांनी ती दोन्ही हातांनी ओढून बघितली.

"बेटी, ये रोटी है के टायर? वाळूज की कंपनी से लाए क्या?"

रूथनं डब्याला झाकण लावलं. मला वाटलं, आता ही रडणार. तेवढ्यात पाळकीणबाई म्हणाल्या, "चाचा, टायर तो घिसता. ये घिसती भी नहीं."

आणि रूथ हसली. तोंडावर हात दाबून, खांदे हलेपर्यंत हसली. माहेरी आल्यापासून तो आवाज मी ऐकला नव्हता. मी चाचांना आणखी एक चपाती वाढली, म्हटलं परत काहीतरी बोलतील.

मला वाटायचं, माणसाला आधी आनंद होतो आणि मग ते देवाला हो म्हणतं. बाईंचं उलटं आहे. त्या हो म्हणून मोकळ्या झाल्यात. आनंद मागून येतो, कधी उशिरा, कधी टायरवर बसून.

एक तपासणी तेवढी राहिली होती. रूथला पुढं करून बाई चर्चात मिरवतील, अशी मला खात्री होती. तशी वेळही आली. साक्षीच्या वेळी एक वडीलधारे म्हणाले, "रूथताईंना उठवा, प्रभूनं त्यांना कसं उभं केलं ते सांगतील." पाळकीणबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "तिला राहू द्या. तिनं ठरवलं तर ती सांगंल." रूथनं अजून सांगितलेलं नाय. बाईंनी अजून विचारलेलं नाय.

आता डब्यांचं सगळं रूथ बघते. बाई खुर्चीत बसून पीठ मळतात. मी अजूनही न सांगताच जाते. गेल्या आठवड्यात गेले, तर मळता मळता गुडघ्यांवरून देवाशी भांडण चाललं होतं. म्हणजे सगळं ठीक आहे.

प्रभूनं पाळकीणबाईंना भरपूर आयुष्य द्यावं आणि गुडघ्यांचं तेवढं मनावर घ्यावं. चपात्या अजून जाडच होतात, आणि रूथनंही बाईंचाच हात उचललाय. त्या पातळ होईपर्यंत बाईंना वरून बोलावणं धाडायचं नाय, हे मी रोजच्या प्रार्थनेत स्पष्ट कळवून ठेवलंय.