वर टाकलेली होडी

माझ्या मेहुण्याला या जगात एकही गोष्ट पूर्ण दिसलेली नाही. समजा दिसलीच, तर तिचा कुठला भाग आज काढून ठेवता येईल आणि दिवाळीला वेगळा विकता येईल, याचा विचार तो चपला काढता काढताच सुरू करतो. यात त्याचा दोष नाही, त्याचा पेशाच तो आहे. परळला जुन्या गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत व्हिडिओ गेम बनवणारी एक कंपनी आहे. लोक गेम विकत घेतात, आणि आवडला की त्यातल्या वीराला नवा कोट, नवी तलवार, पुढचे चार टप्पे, असलं सगळं पुन्हा पैसे भरून डाउनलोड करतात. गेममध्ये काय ठेवायचं आणि मागून काय विकायचं, हे माझा मेहुणा ठरवतो. माझ्या मुलीच्या बारशाला तो म्हणाला, "भावोजी, आज नुसतं नाव ठेवा. टोपणनाव सहा महिन्यांनी काढू, लोक पुन्हा येतील." फ्लॅट बघायला गेलो तेव्हा त्याने बिल्डरला बाल्कनीशिवायचा भाव विचारला. या धंद्यात आपल्याला शिकण्यासारखं काही उरलेलं नाही, अशा समजुतीत असलेल्या त्या बिल्डरने उठून त्याच्यासाठी चहा मागवला.

त्याची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, लालबागच्या बाजारात चाळीस वर्षं मासळी विकत होत्या. गिऱ्हाइकाने कितीही घासाघीस करून वाटा घेतलेला असो, त्यावर दोन बोंबील नाहीतर मूठभर करंदी टाकल्याशिवाय त्यांनी कुणाला जाऊ दिलं नाही. "पोरगा कंप्युटरवर खेळ बनवतो," हेही त्या सोबत ऐकवत. एका रविवारी जेवताना मेहुण्याने आपलं काम आईला सविस्तर समजावून सांगितलं. तिथेच त्याचं चुकलं.

"म्हंजे वाटा विकतोस, आणि वर टाकायचे पण पैसे घेतोस?"

"हो, तसंच."

"बाजारात कोणाला बोलू नको."

दुसऱ्या दिवसापासून तो बँकेत लागला. कुणीही मुलाची चौकशी केली की सासूबाई बँकच सांगत.

मेहुण्याने हे फार मनाला लावून घेतलं. आईने आपलं काम पुन्हा चारचौघांत सांगावं, एवढंच त्याला हवं होतं. ऑफिसात तेव्हा समुद्रावरच्या एका गेमचं काम चालू होतं. त्यातली होडी मागाहून विकायची ठरली होती. ती पहिला टप्पा संपवणाऱ्या प्रत्येकाला फुकट द्यायची, असा त्याने हट्ट धरला. साहेबांनी कारण विचारलं. "वर काहीतरी टाकायचं असतं, सर," याखेरीज त्याला काही सांगता येईना. तेच कारण तो आठ महिने दर मीटिंगला देत राहिला, बढतीच्या यादीतून नाव गेलं तरी. शेवटी साहेब कंटाळून हो म्हणाले. तोवर सासूबाईंचे गुडघे गेले होते आणि बाजारातली जागा त्यांनी पुतणीला देऊन टाकली होती.

गेममध्ये होडी आली त्या संध्याकाळी तो जवळजवळ धावतच आईकडे आला. मी तिथेच होतो. सासूबाईंनी पदराला हात पुसले, मोबाइल डोळ्यांजवळ धरला आणि बराच वेळ होडी बघितली.

"हिचे किती घेतलेस?"

"काही नाही. वर टाकलीय."

त्यांचा चेहरा एकदम खुलला. "उद्या बाजारात सांगते सगळ्यांना," त्या म्हणाल्या.

त्यांचा बाजार सुटून चार महिने झाले होते. मेहुण्याने एकदा माझ्याकडे बघितलं.

"सांग हां, आई," तो म्हणाला.

मी आयुष्यभर त्याची टिंगल करत आलोय. त्या संध्याकाळी मात्र मला त्याच्याबद्दल फार माया वाटली.