मोटर वर आली त्या दिवशी

बोअरच्या पाण्याच्या पाळीवरून माझ्या थोरल्या आणि धाकट्या भावात अबोला झाला, तेव्हापासून मी, म्हणजे मधला, दोघांचा मोबाईल झालो. एकाच बांधावर उभं राहून थोरला म्हणणार, "त्याला सांग, मोटर जळाली." धाकटा आभाळाकडं बघत, "त्यांना सांग, आमालाबी दिसायलंय."

मोटर खरंच जळाली होती आणि दोघांचीही हळद माना टाकायला लागली होती. त्यात ताडकळसच्या बाजाराचा दिवस, गावात माणूस मिळेना. उरलो आम्ही घरचेच: दोघे भाऊ, दोघांच्या बायका आणि सुटलेलं पोट सांभाळणारा मी.

बोअरमधली मोटर लांबलचक काळ्या पाईपला लटकलेली असते. पाईप खांद्यावर घेऊन रांगेनं बोअरपासून लांब चालत जायचं, की ती वर येते. पावलं एकदम पडली नाहीत तर पाईप मागं घसरतो. सुटलाच, तर मोटर तळाला आणि बोअर कायमचा बंद.

थोरला ओरडला, "चला!" त्याच्या हुकमावर पाऊल उचलायचं म्हणजे हार, म्हणून धाकटा जागेवरच! पाईप सर्रकन मागं गेला. बायका किंचाळल्या. कसाबसा आवरला.

मग मी टोपी सरळ केली, बोअरपाशी पाईप धरून उभा राहिलो आणि आरोळी ठोकली, "थोरल्याचं डोकं!"

"हैय्या!" बायकांनी लगेच सूर धरला.

"धाकट्याचं नाक!"

"हैय्या!"

"दोन्ही दगड!"

"हैय्या! आनखी म्हना भावजी, आनखी!" थोरली वहिनी खूश.

दर हैय्याला एक पाऊल. हळूहळू ते चौघं आठ पायांच्या एकाच जनावरासारखे चालायला लागले. तेवढ्यात मला खोडी सुचली. मी खोकल्याची उबळ आल्याचं सोंग केलं. आरोळी थांबली. पाईप थरथरला आणि थोरल्याच्या तोंडून आपसूक निघालं, "हां बारक्या!"

मागून आलं, "हैय्या दादा!"

"हां बारक्या!"

"हैय्या दादा!"

मी आपला खोकतच राहिलो.

मोटर वर आली. चहा आला. थोरला सवयीनं माझ्याकडं वळला, "त्याला सांग..." आणि थांबला. मग सरळ धाकट्याला म्हणाला, "बारक्या, मोटर दुरुस्त होऊन आली की पयली पाळी तू घे."

धाकट्यानं बशीत फुंकर मारली. "न्हाई दादा, तुमची हळद लय सुकलीय. आदी तुमी."

"मी म्हनलो ना, तू!"

"अन् मी म्हनलो, तुमी!"

झालं, पुन्हा पाळीवरूनच भांडण. पण थेट. मला कुणी काही विचारेना, तेव्हा माझा खोकलाही बरा झाला.