गुडघ्याच्या मापाचा गिअर

प्रत्येक माणसाच्या आयुष्यात एक घडी अशी येते, की आपल्याला वेग हवा की दम, याचा निवाडा त्याला करावाच लागतो. आमच्याकडे ही घडी माझ्या वाळवणाच्या टबात डिझेलमध्ये भिजत पडली होती. तो टब मी नंतर स्वयंपाकघरात परत घेतला नाही.

टबात क्राउन-पिनियनच्या दोन जोड्या होत्या; गाडीतली झिजली होती, तिच्या जागी यातली एक लावायची होती. क्राउन-पिनियन म्हणजे गिअरबॉक्समधली शेवटची जोडी. इंजिन किती गरगरलं की चाक एकदा फिरेल, ते ही ठरवते. एका जोडीला गॅरेजवाला ‘छोटी’ म्हणायचा. ती लावली की गाडी वळणातून उसळून बाहेर पडते, पण दुसरा गिअर लवकर संपतो, लगेच क्लच दाबून तिसरा टाकावा लागतो, आणि पुढचं वळण आलं की परत दुसरा. दुसरी जोडी ‘लंबी’. तिच्यावर गाडी जरा आळसावते, पण दुसऱ्या गिअरमध्येच एका वळणापासून दुसऱ्या वळणापर्यंत जाते. मी जन्मभर मुलींना इतिहास शिकवला. हे सगळं मला माहीत असण्याचं कारण एवढंच, की आमच्या घरी जेवताना दुसरा विषय नसतो.

आमची हॅचबॅक जुनी आहे. एरवी ती आमच्या शहरातल्या गोरखपूर मोहल्ल्याच्या बाजारातून भाजी आणते. पण दर हिवाळ्यात एका रविवारी शहराबाहेरच्या ओस पडलेल्या धावपट्टीवर जाते. तिथे टायर मांडून वळणं केलेली असतात आणि बऱ्यापैकी शिकलेली माणसं एकेकटी घड्याळाविरुद्ध गाडी पळवतात. माझे यजमान विजेच्या खात्यातून निवृत्त झाल्यापासून हा रविवार त्यांनी चुकवलेला नाही.

गेल्या पावसाळ्यात त्यांचा डावा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, क्लच कमी दाबा. ह्यांनी मान डोलावली आणि छोटी जोडी निवडली.

“छोटी काहून घेऊन राहिले? डॉक्टर काय म्हणाले, विसरले का?”

“डॉक्टरला ड्रायव्हिंग कुठं येते?”

“गुडघे तर येतात ना!”

“चलो, गुडघा माझा आहे,” असं म्हणून ते जोडी पुसायला लागले. माझ्याच जुन्या साडीच्या तुकड्याने.

यावर भांडता आलं असतं. पण दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं शहरातल्याच कांचघर भागातल्या गॅरेजला निघालो. वाटेत गर्दी होती. दर चार हातांवर थांबायचं, परत निघायचं. मी सवयीने समोर बघत होते, मग सहज खाली पाहिलं. क्लचवर पाय ठेवायच्या आधी ते डाव्या हाताने गुडघ्याजवळची पॅन्ट मुठीत धरायचे आणि पाय उचलून ठेवायचे. सामान ठेवावं तसा. तोंडाने मात्र पुढच्या रिक्षावाल्याला अक्कल शिकवणं चालू होतं. त्यांना वाटत होतं मी रस्त्याकडे बघते आहे, म्हणून मी परत रस्त्याकडे बघायला लागले.

अशी माणसं हरली तर चिडत नाहीत, गप्प होतात. ह्यांना ‘तुमच्याने होत नाही’ असं म्हटलं असतं, तर ह्यांनी छोटी जोडीच लावली असती, त्या रविवारी एकदा चालवली असती, आणि सोमवारी गाडी विकायला काढली असती. मला गाडीचं फारसं नाही. पण त्या गाडीत बसलेला माणूस मला हवा होता.

गॅरेजमध्ये पोचलो. गॅरेजवाल्याने हात पुसत विचारलं, “हां भाईसाहब, कौन सी लगाएँ?”

ह्यांनी तोंड उघडायच्या आधी मी म्हटलं, “भैया, छोटीवाली हायवे पे बहुत चिल्लाती है क्या?”

“चिल्लाएगी तो, भाभीजी. अस्सी के ऊपर कान फाड़ देगी.”

“मग नाही जमायचं,” मी ह्यांच्याकडे वळून म्हटलं. “लेकीकडे नागपूरला जायचं आहे ना आपल्याला. एवढा आवाज मी नाही ऐकणार बा.”

गॅरेजवाला भला माणूस, पण त्याला गप्प कधी बसावं ते कळत नाही. “लेकिन भाभीजी, आप तो हमेशा ट्रेन से जाती हैं! भाईसाहब ही बता रहे थे, आपको कार में उल्टी होती है.”

हे खरं होतं. लेकीच्या लग्नालासुद्धा मी ट्रेननेच गेले होते. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पर्समध्ये काहीतरी शोधत राहिले.

“अब कार से जाएँगी,” ते म्हणाले. “लंबी लगा दो.”

जोडी बसवून घेऊन आम्ही परत निघालो. घराजवळ आल्यावर त्यांनी पॅन्ट मुठीत धरली, पाय उचलला, आणि या वेळी लपवलं नाही.

रविवारी धुकं होतं. एक प्रमुख पाहुणे आले, नारळ फुटला, हार झाले. सगळ्या चालकांना आपापल्या गाडीशेजारी रांगेत उभं केलं होतं. पाहुण्यांनी वेगाचं राष्ट्रउभारणीतलं स्थान समजावून सांगितलं, मग संयमाचं, मग परत वेगाचं. धुकं विरलं, ऊन वर आलं, भाषण चालूच. मी प्लास्टिकच्या खुर्चीवर होते आणि माझं बरं चाललं होतं.

ह्यांची पाळी आली. वळणातून गाडी आळसावत निघाली, पण पुढे आवाजात कुठे खंड पडला नाही. एकच सूर पुढच्या वळणापर्यंत लांबत गेला. मला गाडीतलं कळत नाही. त्या सुराच्या मागे ते पाय एका जागी ठेवून बसले आहेत, एवढं कळत होतं. ते उतरले तेव्हा कानांपर्यंत हसत होते.

“कशी वाटली?” मी विचारलं.

“आळशी आहे.”

“गाडी, का तुम्ही?”

“दोघं,” ते म्हणाले. वेळ गेल्या वर्षीपेक्षा जास्त लागला होता. त्यांनी तो फलकावर नीट वाचला आणि म्हणाले, “पुढच्या वर्षी टायर बदलून पाहू.”

संध्याकाळी गुडघा तरी सुजलाच. डॉक्टरांनी दाबून पाहिला आणि सांगितलं, हे क्लचचं नाही, फार वेळ एका जागी उभं राहिल्याचं आहे.